तोगाशींचे एक ‘नाही’

तोगाशी किंजिरो यांनी आयुष्यात एकदाच खोटे सांगितले असे मी म्हणणार नाही. मला ठाऊक आहे ते एकच, आणि ते त्यांनी माझ्या नवऱ्याला सांगितले.

आमच्या ओबिहिरो गावातल्या शर्यतीच्या तबेल्यात ते मोतद्दार होते. लग्न केले नव्हते. लोखंडी घसरगाडी ओढत मातीचे दोन चढ चढणे हे आमच्या टनभर वजनाच्या घोड्यांचे काम, आणि दोन वर्षांच्या शिंगराला वसंतात त्याची चाचणी द्यावी लागे. पास झाले तर शर्यत, नापास झाले तर खाटकाचा ट्रक.

१९७८च्या एप्रिलमध्ये, विश्रांतीच्या दिवशी भरपूर ओट खाल्लेले त्यांचे काळे शिंगरू कुरोइवा दुसऱ्या दिवशी कामावर आखडले. पाय लाकडासारखे, अंगभर घाम. तबेल्याचे मालक हिराओका म्हणाले, “आता नुसतं फिरवायचं, ओढकाम बंद. गुरुवारी रक्त तपासू. चांगलं निघालं तर रविवारी चाचणी, नाहीतर शनिवारचा ट्रक.”

माझे पती जनावरांचे डॉक्टर; रक्त ते काढत, तपासणी घरामागच्या दवाखान्यात मी करी. स्नायू दुखावले की त्यांच्यातला एक पदार्थ रक्तात उतरतो. नुसत्या जड कामानेही तो वाढतो, चार-पाच तासांत सर्वांत वर जातो आणि दीड-दोन दिवसांत ओसरतो. मुरलेल्या घोड्यात थोडा, नवख्यात पुष्कळ. म्हणून सुई लावण्याआधी माझे पती नेहमी विचारत, तसे त्या गुरुवारीही त्यांनी विचारले.

“आज ओढकाम झालंय का?”

हिराओका शेजारीच उभे होते.

“नाही, डॉक्टर,” तोगाशी म्हणाले.

आकडा चौदाशे आला. तीनशेच्या आत हवा होता. ह्यांनी लिहून दिले : स्नायू अजून दुखावलेले.

शुक्रवारी दुपारी तोगाशी दवाखान्याच्या दारात येऊन उभे राहिले. हातातली टोपी पिळत होते.

“वहिनी, तुमचं ते यंत्र चुकतं का हो कधी?”

“यंत्र नाही चुकत. माणसं चुकीचं सांगतात.”

त्यांनी मागचे दार लोटून घेतले. मग म्हणाले, “काल पहाटे चारला मी त्याला ओढायला लावलं. भरल्या गाडीनिशी, दोन्ही चढ. दुसऱ्या चढाला तो बिचकतो. आठवडाभर नुसता फिरला तर विसरेल, असं वाटलं.”

“अहो, मग काल का नाही बोललात?”

“मालक होते ना तिथं! मला हाकललं असतं, तर त्याच्याकडे कोणी बघितलं असतं? वहिनी, पुन्हा रक्त काढा. आत्ता.”

हे डोंगराकडच्या गोठ्यात अडलेली गाय सोडवायला गेले होते. “डॉक्टर आल्यावर बघू,” मी म्हटले. ज्याचे काम त्याने करावे, असे ख्रिस्ती मठाच्या शाळेत सिस्टरांनी आम्हाला शिकवले होते.

हे शनिवारी पहाटे परतले आणि तसेच तबेल्यात गेले. तिथे सगळ्यांदेखत तोगाशींनी कबुली दिली. हिराओका हसले. “परवा नाही म्हणालास, आज हो म्हणतोस. उद्या काय म्हणशील? डॉक्टर, काढायचं तर काढा रक्त. ट्रक काही तुमच्या बाटलीसाठी थांबणार नाही.”

बाटली माझ्या हाती साडेसहाला आली. तपासणीला तासभर लागे. सात चाळीसला आकडा मिळाला, मी लगेच फोन केला.

“कुरोइवा? गेला की, वहिनी,” तिकडून कारकून म्हणाला. “दहा मिनिटं झाली.”

थोड्या वेळाने तोगाशी सायकलवरून आले. बूट चिखलाने भरलेले.

“आकडा?”

अजून चढाच आहे, असे म्हटले असते तर त्यांना उरलेले आयुष्य सोपे गेले असते.

“दोनशे साठ,” मी म्हटले.

“म्हणजे धड होता.”

“हो.”

त्यांनी आकडा चिठ्ठीवर लिहून मागितला आणि ती चिठ्ठी नेऊन हिराओकांना दिली. हिराओकांनी ती वाचून परत केली. “छान. खाटकाला दाखव, गिऱ्हाईक खूश होईल.”

त्याच महिन्यात तोगाशींनी तबेला सोडला. पुढे बावीस वर्षे बीटच्या साखर कारखान्यात पोती उचलली, घोड्याला पुन्हा हात लावला नाही. बाजारात भेटले की वाकून नमस्कार करीत, ह्यांच्या तब्येतीची चौकशी करीत. त्या शुक्रवारबद्दल त्यांनी मला कधीच विचारले नाही. विचारले असते तर मला सांगावे लागले असते, की सुई माझ्याही कपाटात होती, आणि घोड्याची शीर मलाही सापडत असे.