डाव्या हाताचं दळण

आमच्या संस्थानात थोरल्या महाराजांचं राज्य होतं आणि मी स्वतःला त्यांच्या खालोखाल समजत होते. कारण एवढंच, की नाताळच्या कार्यक्रमात पवित्र शास्त्रातला एक अख्खा अध्याय एकटीनं, पुस्तकात न बघता म्हणायला मिशनच्या मडमबाईंनी मला निवडलं होतं. अंगानं काडी, आवाज मात्र दवंडीवाल्याचा. निवडण्याचं दुसरं कारण मला आजही सापडत नाही.

वडील ख्रिस्ती झाले आणि प्लेगात गेले. आई ख्रिस्ती झाली नव्हती. ती मंगळवार पेठेत मामाकडं राहायला गेली, मी मिशनच्या बोर्डिंगात. अंतर चालत जाण्याएवढंच. पण तिनं आमच्या आवारात पाऊल टाकलं असतं तर भाऊबंदांनी मामाच्या घरचं पाणी सोडलं असतं, आणि मला एकटीला कुणी फाटकाबाहेर सोडत नसे.

अध्याय होता एका विधवा सुनेचा. सासू म्हणते, तू आपल्या आईच्या घरी जा; सून म्हणते, तू जाशील तिथं मी येणार, आणि काही तिला सोडत नाही. आमच्याकडं भाजी आणणारी मावशी मंगळवार पेठेतलीच. तिच्याकडून मी आईला निरोप धाडला, ‘सासू-सुनेची गोष्ट हाय, ऐकायला ये.’ शास्त्र म्हटलं तर येणार नाही, पण सासू-सून म्हटल्यावर कोण बाई घरात बसेल? अशी मी हुशार!

“सांगिटलं,” मावशी म्हणाली. “बगू म्हणली.”

“बगू म्हंजे व्हय का न्हाय?”

“बगू म्हंजे बगू. सर बाजूला, गवार उतरू दे.”

पाठांतर मी जात्यावर केलं. पहाटे आम्हा मुलींना दळण असे. बाकीच्या पोरी गाणी म्हणत, मी आईच्या ओवीच्या चालीवर अध्याय घोळवी. एक फेरा, एक वाक्य. नाताळपर्यंत पिठासारखाच अध्यायही बारीक झाला.

त्या दिवशी मला लुगडं नेसवलं, मिटलेलं शास्त्र उजव्या हातात दिलं आणि मडमबाईंनी बजावलं, “अजिबात हलायचं नाही.” मी हलले नाही. तोंडही हललं नाही. समोर माणसं दाटीनं बसलेली, आणि रस्त्याकडच्या खिडकीबाहेर, पदर कपाळावर ओढून, आई उभी होती.

अध्याय गेला कुठं? तो डोक्यात नव्हताच मुळी, हातात होता. उजवा हात शास्त्रानं अडवलेला. मग डावाच फिरायला लागला, आणि जात्याच्या चालीवर सगळं घरघरत बाहेर पडलं. लोक हसले. मडमबाई लालभडक. मी म्हणतच राहिले, सुनेचं बोलणं तर सरळ खिडकीकडं तोंड करून. संपलं तेव्हा खिडकीत नुसता रस्ता होता.

नंतर मावशी भाजी घेऊन आली. मी फाटकाशी उभीच.

“आई काय म्हणली?”

“म्हणली, पोरगी डाव्या हातानं दळाय कवा शिकली? आसं दळलं की पीठ जाडं येतंय.”

“आनि?”

“आनि काय न्हाय.”

दुसऱ्या पहाटे जात्यावर बसले, तर समोरच्या पोरीनं हात दुखतो म्हणून बदलला. मी तिच्यावर खेकसले, “उजव्या हातानं वढ गं! माझ्या आईला डावं चालत न्हाय.”

जशी काही आई आत चुलीपाशी बसून ऐकत होती.