मेणकापडाखालची मेथी

माझं माहेर धुळ्याचं, भाड्याच्या दोन खोल्यांचं. मातीशी संबंध म्हणजे दारातल्या कुंड्या. लग्न होऊन चोपड्याजवळच्या खेड्यात आले, तेव्हा घरामागे केळीची बाग, पलीकडे कापूस, आणि त्यातलं माझं म्हणावं असं काहीच नाही. विहिरीशेजारी एक ओसाड तुकडा होता. तो मी भाजीसाठी मागितला. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणे. ते म्हणाले, "लाव बाई. केळीचं पाणी तोडू नको म्हणजे झालं."

पहिल्या हिवाळ्यात मेथी, मुळा, कांद्याची पात, कोथिंबीर असं सगळं हौसेनं पेरलं. आमच्याकडे हे कच्चंच खातात. मेथीची कोवळी पानं, कांदा, दाण्याचं कूट, वरून तेल, की झाला घोळाणा. पण सातपुड्याकडून वारा सुटला आणि मेथी दोन पानांवर अडून बसली. कोथिंबीर जांभळी पडली. मी रोज जाऊन बघायची आणि रोज ती तेवढीच.

जवळच मक्याच्या ढिगावर पारदर्शक मेणकापड टाकलेलं होतं. एकदा ते वाऱ्यानं सरकून माझ्या वाफ्याच्या कोपऱ्यावर येऊन पडलं. केळीच्या कापणीची गडबड होती, कुणी लक्ष दिलं नाही. काही दिवसांनी उचलायला गेले, तर त्याखालची मेथी बाकीच्या मेथीच्या दुप्पट! पानांवर दव, आणि आत हात घातला तर ऊब. मी तिथेच उकिडवी बसले आणि पुढच्या वर्षी काय करायचं ते ठरवून टाकलं.

पुढच्या वर्षी ठिबकचे वाकलेले, टाकाऊ जाड पाईप ह्यांनी गोळा करून आणले. जमिनीत बांबूचे खुंट ठोकून त्यांच्यावर पाईपांची टोकं बसवली. कमानी उभ्या राहिल्या. त्यांवर मेणकापड ओढून दोन्ही बाजूंनी माती लोटली, तोंडांना गोणपाटाचे पडदे लावले. आत मी ताठ उभी राहू शकत होते. ह्यांना मात्र मान वाकवावी लागे.

आबा आले, भोवती एक चक्कर मारली. माझ्याशी ते एरवी मराठीत बोलत, पण मनातलं आलं की अहिराणीत. "हाऊ बोगदा कसाले? गाडी येवानी शे का?"

सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले, पण आतून चिडले होते.

आणि पहिलाच डाव फसला. मी बी पेरलं तेव्हा थंडी पडायची होती. दुपारच्या उन्हात आत भट्टी झाली. रोपं उगवली तशी माना टाकून झोपली. मुळ्याची पानं तर शिजवल्यासारखी दिसत होती. सासूबाई म्हणाल्या, "एवढं मेणकापड वाया गेलं. काढून दे, दाणे झाकायला होईल."

मी म्हटलं, "आणखी एकदा पेरते. मग काढा."

ऊब हवी, पण दुपारची आग नको, हे आता कळलं होतं. मी दोन्ही बाजूंची माती काढली. मेणकापडाच्या कडांना लांब बांबू बांधले, म्हणजे कापड गुंडाळून वर करता येईल. सकाळी ऊन तापलं की दोन्ही बाजू वर, ऊन उतरायच्या आत खाली. विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट असतं, ते सकाळीच झारीनं घालायचे. माहेरी जायचं आलं तरी मी गेले नाही. बाजू कोण उचलणार?

मेथी आठवड्यात वर आली. मग मुळा, पात. मी कुणाला बोलावलं नाही, पडदे लावूनच ठेवले. पहिल्या फजितीनंतर तिकडे कुणी फिरकतही नव्हतं.

त्याच सुमारास नणंदेचा साखरपुडा ठरला. पहूरची पाहुणेमंडळी येणार होती आणि शेतात भरीत करायचं होतं. त्याच आठवड्यात थंडीची लाट आली. केळीचे पोगे, म्हणजे गुंडाळलेली नवी पानं, आतच अडकले, बाहेरची पानं पिवळी पडली. पहाटे बागेच्या बांधांवर धूर करून लोक केळी वाचवत होते. गावात कुणाच्या वाफ्यात पात उरली नाही, बाजारात आली ती कोमेजलेली. आबा बाजारातून रिकामी पिशवी घेऊन परतले आणि ओट्यावर बसले. म्हणाले, "भरीतमा पात नही, कोथिंबीर नही. व्याही काय म्हणतीन?"

मी म्हटलं, "आबा, जरा माझ्यासोबत चला."

गोणपाटाचा पडदा मी बाजूला केला. आबांनी वाकून आत पाऊल टाकलं आणि तसेच थांबले. बाहेर अंगावर काटा येत होता, आत उबदार ओला वास. समोर हिरवीगार पात, गर्द कोथिंबीर, मातीतून डोकं काढलेले पांढरे मुळे. त्यांनी मेथीचं पान खुडलं, तोंडात टाकलं, सावकाश चावलं. मग टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाले, "टोपल्या आण."

साखरपुड्याला कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजली, लाकडी बडगीत ठेचली आणि वर मूठमूठ पात पडली. केळीच्या पानांवर भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, चिरलेला मुळा आणि परातभर घोळाणा. मुलाची आजी घोळाण्याचा घास घेऊन म्हणाली, "एवढ्या थंडीत अशी कोवळी मेथी कुठून आणली?"

बायकांच्या पंगतीत मी वाढत होते. आबा पुरुषांच्या पंगतीतून उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हाई बठ्ठं मनी सूननी करेल शे!"

हे सगळं माझ्या सुनेनं केलंय, म्हणे! इतक्या लोकांत माझं कौतुक याआधी कुणी केलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर आजीला ते बघायचंच होतं. तिच्या मागे सगळ्या बायका आल्या. आत दाटी झाली, बांगड्या वाजू लागल्या. कुणी पाईप दाबून बघत होतं, कुणी बाजू कशा उचलायच्या विचारत होतं. मी उचलून दाखवलं, खाली सोडून दाखवलं, पुन्हा उचललं. आजीनं स्वतः एक मुळा उपटला, पदराला पुसला आणि उभ्यानंच कचकन चावला.

पुढच्या हिवाळ्यात गावातून जाताना तीन-चार घरांमागे तसली मेणकापडं चमकताना दिसायची. सासूबाई प्रत्येक ठिकाणी थांबून सांगायच्या, "कमान अजून उंच घ्या, आमच्या सुनेसारखी." आणि मी शेजारी उभी राहून, कानापर्यंत लाल होऊन, मनातल्या मनात म्हणायचे, सांगा, आणखी सांगा.