मानेवरचा हात

काकांना वाकून नमस्कार केला की त्यांचा आशीर्वादाचा हात डोक्यावर पडत नसे, मानेवर पडे. "सुखी राहा, सुखी राहा" म्हणता म्हणता त्यांची बोटं कानामागून जबड्याखाली आणि तिथून गळ्याच्या हाडापर्यंत फिरून येत. नव्या माणसाला वाटायचं, काय मायाळू गृहस्थ आहेत. आम्हा जुन्यांना ठाऊक होतं की काका गाठी चाचपतायत. लग्न झाल्यावर माझ्या नवऱ्यानं त्यांना पहिल्यांदा नमस्कार केला, तेव्हा आशीर्वाद मिळाला तो असा : "सुखी राहा. डावीकडची दाढ दाखवून घे." दाढ खरंच किडलेली निघाली.

तुमच्याही ओळखीत असा एखादा डॉक्टर असेल, लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याच्या डोळ्याची पापणी खाली ओढून बघणारा. आमचा इथे अमेरिकेत, कॅरी नावाच्या गावात होता. मूळचे सोलापूरकडचे. इथे एका संशोधन केंद्रात एचआयव्हीवर काम करायचे आणि मी त्याच केंद्रात को-ऑर्डिनेटर होते. म्हणजे अभ्यासात भाग घेणाऱ्या लोकांना फोन करायचे, त्यांच्यासाठी गाडी पाठवायची आणि ते आले नाहीत की जिवाला घोर लावून घ्यायचा. काकांचं नाव मी सांगणार नाही. त्यांची हरकत नसती, पण पुढे ज्या मुलाबद्दल सांगायचंय त्याची असती.

"माहीत असलेलं बरं" हे काकांचं पालुपद. टेस्टला घाबरणाऱ्याला ते हेच सांगायचे, इंग्रजीतही आणि मराठीतही. पूर्वेकडच्या तंबाखूच्या शेतांच्या गावांतून लोक आमच्याकडे यायचे. त्यातली एक म्हातारी बाई दर खेपेला त्यांच्यासाठी रताळ्याचा पाय, म्हणजे इथला गोड सारणाचा केकसारखा पदार्थ, करून आणायची. काकांना डायबेटिस होता. ते तिच्यासमोर दोन घास खायचे, उरलेला मला द्यायचे आणि वर म्हणायचे, "रिपोर्टमध्ये लिहू नको."

एचआयव्ही होऊच नये म्हणून वर्षातून दोनदा टोचायचं इंजेक्शन आलं, तेव्हा हा माणूस लहान मुलासारखा हरखला होता. "एक दिवाळीला, एक अक्षय्य तृतीयेला. सणासारखं करायचं बघ," असं तो आठवडाभर भेटेल त्याला सांगत होता. या आनंदामागे काय होतं ते मला उशिरा कळलं. तरुणपणी काकांनी तिकडे भारतात ज्या वॉर्डात नोकरी केली, तिथे या आजाराच्या माणसांना द्यायला औषधच नव्हतं. "सलाईन लावायचो आणि शेजारी बसायचो," एवढंच ते बोलले होते. त्यातली बहुतेक माणसं टीबीनं गेली.

म्हणून त्यांनी पुढे सगळी हयात एकाच प्रश्नावर घालवली. एचआयव्ही आणि टीबी एकाच अंगात असतील तर आधी कोणतं औषध द्यायचं आणि दुसऱ्यासाठी किती थांबायचं. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं. काकांनी मला ते त्यांच्या पद्धतीनं समजावलं. "घरात चोर लपलाय, तो टीबी, आणि राखणदार, म्हणजे अंगातली ताकद, एचआयव्हीनं आजारी पडलाय. तू राखणदाराला औषध देऊन एकदम उभा केलास की तो चोरावर तुटून पडणार. मारामारीत भांडीकुंडी फुटणार. छातीत टीबी असला तर एक वेळ निभतं. डोक्यात असला तर तिथे मारामारीला जागाच नसते." म्हणून आधी चोर शोधायचा, त्याला बांधायचा आणि मग राखणदाराला उठवायचं. एचआयव्हीच्या गोळीआधी टीबी बघितलाच पाहिजे, हे ते नव्या डॉक्टरांना इतक्यांदा सांगायचे की पोरं त्यांच्या पाठीमागे नक्कल करायची.

आता आमच्या मंडळाच्या गणपतीबद्दल. काकांनी कमिटीच्या मागे लागून भाषणासाठी वेळ मिळवला होता. आपल्या लोकांत हा आजार नाहीच असं आपल्या लोकांना वाटतं, हे त्यांचं जुनं दुखणं. सेक्रेटरी म्हणाला, "काका, फॅमिली प्रोग्राम आहे, प्लीज जरा जपून. फाइव्ह मिनिट्स, ओके?" काका स्टेजवर चढले, तेव्हा निम्मा हॉल मोदकांच्या रांगेत होता. त्यांनी बोलायला सुरुवात केली आणि पुढच्या बायकांनी मुलांना बाहेर खेळायला पाठवलं.

काका म्हणाले, "आता घाबरायचं काही उरलेलं नाही. दिवसाला एक गोळी. एक गोळी रोज घेतली की माणूस म्हातारा होऊन मरतो. मात्र..."

तेवढ्यात सेक्रेटरीनं दुसरा माइक उचलला आणि अंताक्षरीच्या टीम्सना स्टेजवर बोलावलं. टाळ्या पडल्या. काका हसत खाली उतरले. 'मात्र'च्या पुढचं ते मोदक खाताना मला एकटीला ऐकवत बसले.

त्या संध्याकाळी एक मुलगा त्यांच्या पाया पडला. मुलगा म्हणजे तिशीतला, नागपूरचा, इथे आयटीत. मंडळाचा साउंड तोच सांभाळायचा. वायरी गुंडाळता गुंडाळता आला, वाकला आणि काकांचा हात मानेवर गेला. नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिला. काका "सुखी राहा" म्हणायचं विसरले.

"वजन कमी झालंय का रे?"

"जिम सुरू केलं काका."

"रात्री घाम येतो?"

मुलगा हसला. "टीबी म्हणताय ना? ग्रीन कार्डच्या मेडिकलमध्ये ब्लड टेस्ट पॉझिटिव्ह आली होती. पण ते बीसीजीमुळे. आपल्या सगळ्यांनाच येते. चेस्ट एक्सरे क्लिअर होता."

"रक्ताच्या त्या टेस्टचा बीसीजीशी संबंध नसतो," काका म्हणाले. "सोमवारी क्लिनिकला ये की. सगळ्याच टेस्ट करू. माहीत असलेलं बरं."

हे बीसीजीचं तुम्हीही कुणाकडून तरी ऐकलं असेल, कदाचित स्वतः म्हणालाही असाल. दंडावरचा व्रण दाखवायचा आणि विषय संपवायचा. इतकी शिकलेली माणसं, पण एकानं दुसऱ्याला सांगितलं आणि सगळ्यांनी मान डोलावली.

मुलगा सोमवारी आला नाही. पुढच्या सोमवारीही नाही. काकांनी फोन केले, मेसेज केले, एकदा थालीपिठं घेऊन त्याच्या अपार्टमेंटवर गेले. त्यानं दार उघडलं, थालीपिठं घेतली आणि "पुढच्या वीकला नक्की" म्हणाला. परत येऊन काका गाडीतच बसून राहिले होते. मला म्हणाले, "त्याला कळलंय. तो माझ्या हाताकडे बघत होता."

त्याला खरोखरच कळलं होतं. गणपतीनंतर त्यानं फार्मसीतून घरी करायचा किट आणला होता आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली होती. हे त्यानं नंतर स्वतः आम्हाला सांगितलं. कुणापासून आणि कसं, ते मी विचारलं नाही. काकांनी तर जन्मात कुणाला विचारलं नव्हतं. त्याला भीती मरणाची नव्हतीच. त्याला वाटत होतं, इन्शुरन्सवर औषध घेतलं की कंपनीला कळणार, कंपनीला कळलं की इमिग्रेशनला कळणार, ग्रीन कार्ड जाणार आणि नागपूरला परत का आलास हे आईला सांगावं लागणार. एचआयव्ही असलेल्याला इथे येऊ न देण्याचा नियम कधीचा रद्द झालाय. त्याच्या हापिसातल्या सगळ्यांना व्हिसाचा प्रत्येक बदल तोंडपाठ असतो, एवढा एक सोडून.

मधल्या काळात आमच्यावरच संकट आलं. एका सकाळी ईमेल आली की आमच्या अभ्यासाचा निधी बंद होतोय. कारण म्हणून जे लिहिलं होतं ते मी दोनदा वाचलं आणि दोन्हीदा समजलं नाही. इंजेक्शनचा पुढचा डोस कुणी द्यायचा, अर्ध्यावर आलेल्या लोकांचं काय करायचं, याबद्दल एक अक्षर नव्हतं. काका दिवसभर फोनवर असायचे, एकेका माणसाला दुसऱ्या क्लिनिकात चिकटवून देत. रताळ्याचा पाय आणणाऱ्या बाईला तिच्या गावाजवळ कुणीच सापडेना. "मी काही चूक केली का, डॉक?" असं तिनं विचारलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि फोन माझ्या हातात दिला. मी काय बोलले ते मला आठवत नाही. मला फार राग आला होता, आणि तो कुणावर काढायचा हेही कळत नव्हतं.

आम्ही खोकी बांधत असतानाच त्या मुलाच्या रूममेटचा फोन आला. तो पुण्याचा होता. "काका, तो वीअर्ड बोलतोय यार, सॉरी, काका. दोन दिवस डोकं धरून बसलाय. आता मला ओळखत नाहीये."

हॉस्पिटलात त्यांनी पाठीतून पाणी काढलं. मेंदूत टीबी. काका तिथले डॉक्टर नव्हते, पण तिथल्या डॉक्टरांनीच त्यांना बोलावून घेतलं, कारण या विषयात इतकं कुणाला माहीत नव्हतं. रूममेटनं एक बडीशेपेची डबी आणली होती. कुणीतरी सुट्टीवरून येताना लाडू-चिवड्याबरोबर बॅगेतून आणून दिलेली. आपण सगळेच आणतो. ॲसिडिटीच्या गोळ्या, खोकल्याचं औषध, सांधेदुखीचा मलम. डबीत लेबल नसलेल्या मोठ्या पांढऱ्या गोळ्या होत्या. काकांनी एक तळहातावर घेतली आणि लगेच ओळखली. एचआयव्हीचीच होती. खरी, चांगली, बरोबर डोसची.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा थोडा शुद्धीवर आला. काकांना पाहून त्याला बरं वाटलं. शाळेत गृहपाठ दाखवावा तसं तो म्हणाला, "काका, एकही दिवस मिस नाही केला. तुम्ही म्हणाला होतात ना, दिवसाला एक गोळी."

काकांनी त्याचा हात धरून ठेवला. "शाबास," ते म्हणाले.

मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. गोळीनं आपलं काम चोख केलं होतं. राखणदार उठला होता. आणि डोक्यात कुणी लपलंय का, हे आधी बघायला कुणी नव्हतं.

"आईला टीबीच सांगा," मुलगा नंतर म्हणाला. "दुसरं नका सांगू. प्रॉमिस करा." काकांनी वचन दिलं. त्यानंतर तो फारसा बोलला नाही. सूज उतरवायची औषधं दिली, एचआयव्हीची गोळी थांबवली, करता येण्याजोगं सगळं केलं. काका रोज यायचे आणि खुर्ची ओढून शेजारी बसायचे. सलाईन चालू असायचं. आई-वडिलांचा व्हिसा यायच्या आत मुलगा गेला.

काका आता कॅरीत नाहीत. घर विकून मुलीकडे दुसऱ्या राज्यात, वेस्ट विंडसरला राहायला गेलेत. केंद्र बंद झालं म्हणून गेले असं लोक म्हणतात. नव्या अभ्यासासाठी त्यांना दोन ठिकाणांहून बोलावणं आलं होतं, हे लोकांना माहीत नाही. मी त्यांना विचारलं तेव्हा म्हणाले, "माझं बोलणं मला आता पुरं करता येत नाही." मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, त्या दिवशी तुमचं वाक्य सेक्रेटरीनं तोडलं, तुम्ही नाही. काका म्हणाले, "आधी कुठलं वाक्य बोलायचं हे तर माझ्याच हातात होतं की." तीस-पस्तीस वर्षं ते इतरांना जे शिकवत आले, तेच त्यांनी स्वतःला लावून घेतलं होतं.

माझ्या डोळ्यांपुढे ते आजही हॉस्पिटलच्या पार्किंगमध्येच उभे दिसतात. मुलगा गेला त्या दिवशीची गोष्ट. नागपूरहून फोन आला. त्यांनी तो स्पीकरवर टाकून गाडीच्या टपावर ठेवला. पलीकडे मुलाची आई होती. रडून संपलेला, कोरडा आवाज.

"काय झालं होतं हो त्याला, डॉक्टर?"

"मेंदूत टीबी झाला होता, ताई."

"फक्त टीबी?"

"हो. टीबी."

"आमच्या शेजारच्या मोलकरणीला झाला होता," ती बाई सावकाश म्हणाली. "सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या खाल्ल्या तिनं. आता चार घरची धुणीभांडी करून राहिली. अन् माझा पोरगा अमेरिकेत होता. टीबीनं आजकाल मरते का हो कोणी?"

"नाही मरत, ताई," काका म्हणाले.

पलीकडे ती पुढचं ऐकायला थांबली होती.