वाटण, नेट आणि माझा आवाज

आधीच सांगते, चहाचा घोट घशात असताना ऐकू नका, ठसका लागेल. आणि हसायचं तर हसा, पण माझ्या तोंडावर नको. त्या दिवसापासून माझं डोकं अजून थंड झालेलं नाही!

मी पेठ वडगावजवळच्या एका शाळेत पोरांचा स्वयंपाक करते. दिवाळीच्या सुट्टीत आमच्याच शाळेत आजूबाजूच्या गुरुजी-बाईंचं प्रशिक्षण लागलं. कशाचं? तर इंटरनेटवरचे धडे वर्गात कसे दाखवायचे त्याचं. नळाला पाणी नाही, पण हॉलमध्ये दाराएवढा टीव्ही आला! कोल्हापुरातनं एक तंत्रस्नेही साहेब शिकवायला आले. नेट त्या टीव्हीतनंच येतं, अशी माझी पक्की समजूत.

शेवटच्या दिवशी सगळ्यांची मोबाईलवर परीक्षा. आमच्या नदाफबाई सकाळपासनं रडवेल्या.

"मावशी, बाराच्या आत पेपर गेला पायजे. नापास झाले तर मे महिन्यात परत हेच प्रशिक्षण, आणि तेव्हाच माझ्या धाकट्या बहिणीचा निकाह हाय हो!"

"जातोय की! कोण आडवतंय बघूया," मी म्हटलं.

जेवायला रस्सा करायचा होता. वाटणाला मिक्सर लावायला गेले, तर स्वयंपाकघरातल्या एकुलत्या एक प्लगात कुणीतरी नवीच पेटी खोचलेली. हिरवे दिवे लुकलुकतायत. मला वाटलं, डास मारायचं मशीन! घडीभर बंद केलं तर कुणाला लगेच डेंगू होणार आहे? पिन उपसली, खोबरं फिरवलं, पेटी परत लावली. मी काही बेशिस्त बाई नाही!

तोवर हॉलमध्ये बोंब. "नेट गेलं! नेट गेलं!"

नदाफबाई कपाळाला हात लावून बसलेल्या. माझं टाळकंच सरकलं. मोबाईलचं नेट आमच्या गावात रांगत येतं, फोन तेवढा लागतो. तो लावला नेटवाल्या दिग्याला.

"काय रं, झोपलाईस व्हय? हितं बाईंच्या जिवाला घोर लागलाय!"

"मावशी, माझ्याकडनं लाईन चालू हाय."

"चालू हाय तर दिसंना का? का तुझ्या घरातच फिरतीया? आत्ता चालू कर, न्हायतर गावात पाय ठेवू द्यायची न्हाय!"

आणि काय सांगू, माझं बोलणं संपायला आणि नेट यायला एकच गाठ! "आलं! आलं!" गुरुजींनी टाळ्या वाजवल्या. माझी छाती फुगली.

मग तीळ-खसखस वाटली. परत नेट गायब. परत मी दिग्याच्या सात पिढ्या काढल्या. परत नेट हजर!

आता तर सगळ्यांची खात्रीच पटली. "मावशी, जेवण राहू दे, तुम्ही हितंच बसा," एक गुरुजी म्हणाले. इतके दिवस आम्हा सगळ्यांना अडाणी समजणारा तो साहेबसुद्धा हात जोडून म्हणतो, "मावशी, तुमचा आवाज तेवढा चालू ठेवा."

शिव्या खाऊन खाऊन दिग्या शेवटी शिडी घेऊन आला. बारा वाजत आलेले. मी सगळ्यांसमोर त्याला बजावलं, "कुणीतरी मुद्दाम करतंय हे. हुडकून काढ त्याला. ज्याचा हात लागत असंल, त्यो हात मी हितंच मोडते!"

दिग्या वायर धरून निघाला, छपरावर चढला. मी आत गेले. कांदा-लसूण राहिला होता ना! पिन उपसली, मिक्सर चालू केला. घर्रर्र! हॉलमध्ये पुन्हा बोंब. मी दात-ओठ खात वाटतेय. मागं पावलं वाजली. वळून न बघताच ओरडले, "घावला का रं त्यो?"

"घावला, मावशी."

मिक्सर बंद करून त्याची पिन काढली, पेटीची हातात घेतली आणि वळले. दारात दिग्या, मागं साहेब, त्याच्या मागं सगळे गुरुजी. आणि सगळ्यांची नजर माझ्या हातातल्या पिनेवर!

"मावशी," दिग्या म्हणाला, "नेट ह्या पेटीतनं येतंय. बंद करून लावली की परत यायला दोन मिनिटं लागत्यात."

नदाफबाई तेवढ्या पुढं आल्या, माझ्या हातातनं पिन घेतली, खोचली, हिरवे दिवे लुकलुकेपर्यंत थांबल्या आणि तिथंच चुलीशेजारी उभ्या राहून राहिलेला पेपर सोडवला. मी श्वास धरून उभी.

"गेला!" त्या ओरडल्या. "बाराच्या आत गेला!"

मग साहेब म्हणाला, "मावशी, तेवढं हात मोडायचं राहिलं की!"

राग तर असा आला म्हणता! पण कुणावर काढू? आणि मी बोललेला शब्द कधी मागं घेत नाही. म्हटलं, "डावा मोडा. उजव्यानं तुम्हाला अजून वाढायचंय."