दाहूसाठी धरलेलं पोतं

दाहू नावाचं जनावर आहे की नाही, यावरून आमच्या कुवेतमधल्या, अबू हलीफा भागातल्या घरात चार दिवस कोणी कोणाशी धड बोललं नाही. म्हणजे नात माझ्याशी बोलेना, आणि ती बोलेना म्हणून मी कोणाशीच बोललो नाही.

आधी हे जनावर काय ते सांगतो. फ्रान्सच्या डोंगरात राहतं. शेळीएवढं, पण एका अंगाचे दोन पाय आखूड आणि दुसऱ्या अंगाचे लांब. उतारावर आडवं चालायला सोपं पडावं म्हणून. आखूड पाय नेहमी डोंगराकडे. त्यामुळे ते डोंगराला एकाच दिशेने फेऱ्या घालतं, उलटं फिरायची सोय नाही. पकडायचं असेल तर एकाने मागून जाऊन जोरात हाक मारायची. दाहू बघायला वळतो, आखूड पाय उताराच्या अंगाला येतात, तोल जातो आणि तो गडगडत खाली येतो. खाली दुसरा माणूस पोतं उघडून उभाच असतो.

मला हे माझ्या साहेबाने सांगितलं. साहेब फ्रान्सचा इंजिनिअर. मी अकरा वर्षं त्याची गाडी चालवली. माझी शाळा चौथीपर्यंत, पण मी शेळ्या राखल्या आहेत, शेळीबद्दल मला कोणी शिकवायची गरज नाही. म्हणून मी लगेच मान डोलावली नाही. "साहेब, ऐसा बकरी नहीं होता," म्हटलं. त्याने टिश्यू पेपरवर पेनाने चित्र काढलं. डोंगर, जनावर, लांब पाय, आखूड पाय. मग मी डोकं चालवलं. आमच्या रायगडात डोंगराच्या कडेने आडवं जायचं तर वरच्या अंगाचा गुडघा वाकवूनच जावं लागतं. माणूस घडीभर वाकवतो. जनावर जन्मभर तिथेच राहिलं तर देव त्याचे पायच तसे देईल. मला पटलं. अजूनही यात चूक काय ते मला दिसत नाही.

हिवाळ्यात ही फ्रेंच मंडळी मुतल्याला सहलीला जायची. मुतला हा कुवेतचा डोंगर. आमच्या गावी त्याला कोणी टेकाडसुद्धा म्हटलं नसतं. पहिल्या वर्षी जेवणं झाल्यावर साहेबाने माझ्या हातात तांदळाचं रिकामं पोतं दिलं आणि सांगितलं, इथेही एक दाहू आहे. मी खाली उभा राहिलो. ते सगळे वर गेले आणि हाका मारू लागले. मध्येच हसायचे. सहलीला आलेली माणसं हसणारच, मी त्याचं काही मनावर घेतलं नाही. ऊन कललं, डोळ्यांत रेती गेली, पण मी पोतं खाली ठेवलं नाही की खाली बसलो नाही. एकदा वरून खडखड आली तसा मी गुडघ्यांवर पडून पोतं झाकलं. आत दोन धोंडे निघाले.

तेव्हा साहेब धावत खाली आला. आता तो हसत नव्हता. छातीवर हात ठेवून त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला आणि मला हाताला धरून वर सतरंजीवर घेऊन गेला. तोवर मी गाडीपाशी बसून डबा खात असे. त्या दिवसापासून माझं ताट त्यांच्यात.

पुढच्या हिवाळ्यात एक नवा इंजिनिअर आला होता. या वेळी पोतं त्याला मिळालं आणि मला साहेबाने वर नेलं. मी शेळ्यांना घालायचो तशी साद घातली, "हो ऽऽ हुर्र ऽऽ!" सगळे लोळून हसले. तो नवा माणूस पाव तासात मटकन खाली बसला, त्याचा मला राग आला. असं बसून कुठे दाहू सापडतो?

नात लहान असल्यापासून मी तिला हे सांगत आलोय. ती उशीचा अभ्रा उघडून धरायची, मी पलंगावरून साद घालायचो. आता ती सहावीत आहे, शाळेत फ्रेंच शिकते. तिच्या मॅडमनी सांगितलं, फ्रान्सच्या जुन्या गोष्टींतला एकेक प्राणी प्रत्येकाने वर्गात सांगा. कोणी शनिवारी कमरेखाली सापीण होणारी बाई सांगितली, तिच्या नवऱ्याने त्या दिवशी तिला बघायचं नसतं. कोणी लांडगा होणारा माणूस सांगितला. कोणी नदीतला राक्षस, ज्याला एका साध्वीने आपल्या कमरेच्या पट्ट्याने बांधून गावात आणलं. आमच्या बायने दाहू सांगितला. वर सांगितलं की बाकीच्यांच्या गोष्टी आहेत, पण माझे आबा स्वतः दाहू धरायला उभे होते.

घरी आली ती दप्तर आपटतच.

"आबा, दाहू नसतोच! इट्स अ प्रँक. नवीन माणसाला येडं बनवायला सांगतात."

"कोण म्हणतं?"

"मॅडम. शी इज फ्रॉम फ्रान्स, आबा! डोळे पुसत हसत होत्या. सगळा क्लास हसला."

"तुझ्या मॅडम शहरातल्या असतील. त्यांना डोंगरातलं काय ठाऊक?"

सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाबा, अहो, तुम्हीच नव्या ड्रायव्हरना उंटाची बताका बघायला पाठवायचात ना?"

बताका म्हणजे इथलं ओळखपत्र. आम्ही ड्रायव्हर अब्बासिया भागात एका खोलीत राहायचो, तिथे नवा ड्रायव्हर आला की मी सांगायचो, इथे उंटालाही बताका असते, रस्त्यात उंट आडवा आला तर उतरून मालकाकडे मागायची, नाहीतर पोलीस तुलाच धरतील. एकाने खरोखर एका अरबाला उंटाची बताका मागितली. आम्ही आठवडाभर हसलो. त्याच संध्याकाळी त्याला मटण खायला घातलं, आणि तो माझा जिवाचा दोस्त झाला.

हे मी लोकांना करतो. मला कोण करणार?

नात माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "फक्त एक सांग. तुला माहीत होतं?"

मी चपला घालून समुद्रावर निघून गेलो. माहीत होतं म्हटलं, तर इतकी वर्षं मी तिच्याशी खोटं बोललो. माहीत नव्हतं म्हटलं, तर भर वर्गात ती ज्याच्या नावाने बोलली तो आबा येडा. आणि मलाच नक्की ठरवता येईना की मला माहीत होतं की नव्हतं. मुलगा म्हणाला, साहेबांना फोनवर मेसेज करून विचारा. साहेब आता त्याच्या गावी असतो, नवीन वर्षाला बर्फाचा फोटो पाठवतो. मी नाही विचारलं. हो, थट्टाच होती, असं तो म्हणाला असता तर त्या ताटाचं काय करायचं? नाही म्हणाला असता तर मला खरं वाटलं असतं का?

शुक्रवारी मी हट्टच धरला, मुतल्याला चला. पोतं बरोबर घेतलं. जिन्यावरून पडलो तेव्हापासून माझा उजवा पाय दोन बोटं आखूड आहे. उतारावर मी काठी टेकत निघालो, नात मागून येत होती. डोंगर माझ्या उजव्या हाताला होता. थोडं गेल्यावर ध्यानात आलं, मी काठी काखेत मारून चालतोय. पाय एकदम सरळ पडत होते.

"आबा," चार दिवसांनी ती आपणहून बोलली, "तूच दाहू झालायस."

मी हसलो, आणि हसताना वळलो तर पडता पडता वाचलो. तिने दंड धरला. तो तसाच धरलेला असताना मी म्हटलं, "बाय, मला नव्हतं माहीत. मी खराच धरायला उभा होतो."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ."

"आणि दुसऱ्या वर्षी? तू वर ओरडत होतास तेव्हा?"

"तेव्हा जरा वाटलं होतं काहीतरी. पण ओरडायला मजा येत होती, मग विचार नाही केला."

"आणि मला सांगताना?"

"तुला सांगायला लागलो की पुन्हा खरं वाटायचं."

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. शाळेत मार्क देताना मॅडम बघत असतील तसं. मग माझ्या हातातून पोतं ओढून घेतलं, घसरत खाली गेली आणि दोन्ही हातांनी त्याचं तोंड उघडून धरलं.

"ओरड, आबा!"

कशासाठी ओरडतोय ते मला कळत नव्हतं, तरी मी साद घातली. "हो ऽऽ हुर्र ऽऽ!" चार खडे सुटून खाली गेले. तिने पोतं तिकडे वळवलं. मी पुन्हा ओरडलो. खाली गाडीत मुलगा हॉर्न वाजवायला लागला, सूनबाई खिडकीतून हात करत होती. पाव तास झाला, अर्धा झाला. नात खाली बसली नाही.