किल्ली पाहून कॉलेज ठरवणारे चाचा

ढाणकी आणि आसपासच्या खेड्यांतल्या पोरांनी बारावीनंतर कुठे शिकायचं, हे गेली वीस वर्षं ज्या माणसानं ठरवलं, तो स्वतः सातवीच्या पुढे गेलेला नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. निदान आता नाही. पण मी इथल्या हायस्कुलात गणित शिकवतो, माझ्या नावापुढे दोन पदव्या आहेत, आणि तरीही लोक माझ्याकडे येतात ते फक्त ऑनलाइन फॉर्म भरून घ्यायला. फॉर्मात कॉलेज कुठलं टाकायचं हे ते बाजार ओळीतल्या चाचांना विचारून आलेले असतात. चाचा मोटरी भरतात. विहिरीवरच्या पंपाची मोटर जळाली की ती उघडायची, आतली करपलेली तार काढायची आणि नवी तांब्याची तार गुंडाळून द्यायची, हा त्यांचा धंदा. अख्ख्या गावाचे ते चाचा. त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले आमचे निवृत्त मुख्याध्यापकही त्यांना चाचाच म्हणतात, आणि स्वतःच्या नातवाचं कॉलेज ठरवताना मला न सांगता गुपचूप त्यांच्या दुकानात जाऊन बसले होते, हे मला नंतर कळलं.

याची सुरुवात अगदी सरळ झाली. आमच्याकडे जुना ट्रॅक्टर घ्यायचा असो की बैलजोडी, जाणकार माणूस सोबत नेल्याशिवाय कुणी सौदा करत नाही. चाचा मोटरींचे जाणकार. कुणा एका बापाला वाटलं, एवढ्याशा पंपासाठी आपण चाचांना नेतो, मग पोराच्या अख्ख्या आयुष्यासाठी का नेऊ नये? तेव्हापासून निकाल लागले की चाचांचं दुकान पंधरा दिवस अर्धंच उघडं असतं. ठेवणीतला पांढरा कुर्ता, खिशाला पेनच्या जागी टेस्टर, आणि एसटीत ड्रायव्हरच्या मागची जागा. कॉलेजात शिरल्यावर चाचा आधी कुणाशी बोलतच नाहीत. हाताची मागची बाजू टेकवून ते सगळं पाहत सुटतात, तापलेली मोटर पाहावी तसं. बाकं, भिंती, पाण्याची टाकी, एकदा तर व्हरांड्यात उभ्या असलेल्या एका प्राध्यापकांचा खांदासुद्धा. एका ठिकाणी प्राचार्य संस्थेची परंपरा समजावून सांगत असताना चाचांनी त्यांच्या खुर्चीमागचा विजेचा बोर्ड उघडला, आत अर्थिंगच नाही असं जाहीर केलं, आणि परंपरा संपेपर्यंत ते जोडूनही दिलं. त्या प्राचार्यांनी त्यांना तिथल्या तिथे नोकरी देऊ केली होती. चाचा म्हणाले, मी तं पोरगा भरती कराले आलो होतो.

पण त्यांची खरी परीक्षा असते ती किल्लीची. चाचा कधी प्रयोगशाळा पाहू द्या असं म्हणत नाहीत. ते म्हणतात, जरा प्रयोगशाळेची किल्ली दाखवा. जे कुलूप रोज उघडतं त्याची किल्ली घासून घासून चमकते, आणि जे फक्त तपासणीला कुणी आलं की उघडतं त्याची किल्ली गंजते, हे त्यांचं शास्त्र. काचेचा दरवाजा आणि आत कारंजं असलेल्या एका कॉलेजात शिपायानं पसाभर किल्ल्यांचा जुडगा आणला आणि एकेक लावून पाहू लागला. सातवी किल्लीही लागेना तेव्हा चाचांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, कॉलेजवाल्यांनी दिलेली गार पाण्याची बाटली संपवली आणि बाहेर पडले. उलट पोपडे उडालेल्या एका सरकारी तंत्रनिकेतनात शिपायाच्या कमरेलाच किल्ली होती, चांदीसारखी लखलखीत, आणि चाचांनी इमारतीकडे मान वर करून न पाहता पोराला सांगितलं, भर फॉर्म. तो पोरगा आज राजूरला कोळशाच्या खाणीत यंत्रं सांभाळतो आणि ईदला न चुकता येऊन जातो.

हे शास्त्र एकदा सपशेल आपटलं, हेही सांगायला हवं, कारण चाचा ते कधीच सांगणार नाहीत. एका पोराला त्यांनी चमकणारी किल्ली पाहून एका कॉलेजात घातलं. दिवाळीत पोरगा आला तो हात हलवत. प्रयोगशाळा रोज दुपारी उघडते हे खरंच होतं, पण ती शिपाई जेवण झाल्यावर आत आडवा होतो म्हणून. मी हा प्रसंग चाचांना मोठ्या समाधानानं ऐकवला. माझ्यासारख्या डावललेल्या मास्तराला असले प्रसंग वर्षातून किती वाट्याला येतात? चाचांनी तार गुंडाळायचं न थांबवता विचारलं, "पंखा चालू होता ना पन?"

सरकारी की खाजगी, या आमच्याकडच्या मोठ्या वादात चाचांचं मत पहिल्यापासून पक्कं. आलेल्या प्रत्येक बापाला ते समोरच्या दोन मोटरी दाखवत. "हे सरकारी. आवाज करते, तेल गळते, पन जयली तं मी भरून देतो. अन हे खाजगी. शीलबंद हाये, रंग पाहा कसा चमकून राह्यला. पन जयली तं फेकाच लागते." बाप पोराकडे पाहत, पोरगं मोटरीकडे पाहत असे, आणि आठ दिवसांनी माझ्याकडे सरकारी कॉलेजचा फॉर्म भरायला येत असे. काही चांगल्या खाजगी कॉलेजांवर यात अन्याय होतो, असं मी म्हणून पाहिलं. चाचांनी माझ्यासाठी चहा सांगितला. चाचा वाद घालत नाहीत, चहा सांगतात, आणि चहा पिईपर्यंत आपण हरलेले असतो.

मग सनाचं ठरवायची वेळ आली. सना ही चाचांची एकुलती एक मुलगी. आई ती लहान असतानाच गेली, तेव्हापासून घरात हे दोघंच. माझ्या वर्गात सगळ्यात शेवटी हात वर करायची आणि उत्तर मात्र बरोबर द्यायची. उमरखेडला एसटीनं जाऊन-येऊन तिनं बी.एस्सी. केलं, पुढे रसायनशास्त्रात एम.एस्सी.साठी अमरावतीला विद्यापीठाच्या यादीत तिचं नाव लागलं, वसतिगृहात जागाही मिळाली. मी पेढे घेऊनच दुकानात गेलो. ज्या माणसानं सगळ्या तालुक्याला सरकारी वाट दाखवली त्याच्या लेकीला थेट विद्यापीठ मिळालं, आता विचारायचं काय राहिलं? चाचांनी पेढा हातात धरला आणि म्हणाले, अजून एक कॉलेज पाहाचं हाये. ते पुसदच्या वाटेवर नव्यानं निघालेलं खाजगी कॉलेज होतं. त्यांची पिवळी बस सकाळी ढाणकीच्या स्टँडवरून मुली घेऊन जाते आणि संध्याकाळी पुन्हा स्टँडवर आणून सोडते. मला वाटलं मी चुकीचं ऐकतोय.

आम्ही तिघं गेलो. विभागप्रमुख भला माणूस होता, त्यानं बिस्किटं मागवली. चाचांनी नेहमीप्रमाणे किल्ली मागितली. शिपायाला ती ऑफिसच्या कपाटात सापडली, दोऱ्याला नावाची चिठ्ठी बांधलेली, आणि तपकिरी गंजानं भरलेली. कुलपात ती फिरेना, तेव्हा सनानं शिपायाच्या हातातून घेऊन थोडी हलवली आणि दार उघडलं. आत काचेच्या नळ्यांवरची कंपनीची लेबलंसुद्धा निघालेली नव्हती. चाचांनी टेबलावर हाताची मागची बाजू फिरवली. हातावर आलेली धूळ मला दिसली. चाचांनी ती पायजम्याला पुसली आणि म्हणाले, "चांगली हाये."

दुकानात परतल्यावर त्यांनी निकाल दिला. नवीन कॉलेज आहे, हळूहळू जमेल, सर लोक चांगले आहेत, बस दारात येते. मग माझ्याकडे वळून विचारलं, काय सर, चांगलंच हाये ना? मी एवढी वर्षं या माणसाला एकदा तरी हरवायची वाट पाहत होतो, आणि आज एका शब्दात हरवू शकलो असतो. मी म्हणालो, जवळ आहे. हे बोलताना मला स्वतःची लाज वाटली, आजही वाटते.

घरात सना आणि चाचा हिंदी-उर्दूत बोलतात, माझ्यासमोर मात्र वऱ्हाडीत. तिनं बोटं पुढे केली. बोटांवर तपकिरी डाग होता.

"अब्बा, किल्ली गंजेल होती."

चाचांनी मान हलवली. "पाह्यलं म्या."

"दुसऱ्याच्या पोराले तुमी तिथं घातलं असतं का?"

"नसतं घातलं."

"मंग मले काहून घालून राह्यले?"

चाचांनी समोरची उघडी मोटर जवळ ओढली, उगाच तिचा एक स्क्रू घट्ट केला, पुन्हा सैल केला.

"बेटा, लोकाईची पोरं म्या लय दूर दूर धाडली," ते म्हणाले. "ते गेले तं माह्या घरातून कोनी नाई गेलं."

सना त्यांच्याजवळ जमिनीवर बसली आणि बराच वेळ बसून राहिली. मी चहा न घेताच उठलो. दोन दिवसांनी चाचाच तिची पेटी घेऊन स्टँडवर उभे दिसले. एसटी अमरावतीची होती.

सनाला सोडून ते परत आल्यावर मी विचारलं, विद्यापीठातली किल्ली कशी होती? चाचा म्हणाले, पाह्यलीच नाई. दार उघडंच होतं, पोरं-पोरी आत काम करून राह्यले होते, मंग कोनाले मांगू? सनाचा आता आठवड्याला फोन येतो, ती खूश आहे, अभ्यास भरपूर आहे. चाचा हे गिऱ्हाइकांना सांगतात ते अशा रुबाबात की जणू विद्यापीठ त्यांनीच भरून दिलं. यंदाही बाप आणि पोरं येताहेत, यंदाही कुर्ता इस्त्री होऊन आला आहे, आणि सरकारी मोटरीबद्दलचं मत तसूभरही बदललेलं नाही.

परवा दुपारी मी सहज दुकानात गेलो आणि नेहमीसारखं दारातूनच बोलायला लागलो. चाचांनी हात वर करून मला थांबवलं. ते हातानं फिरवायच्या चाकावर तार गुंडाळत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. एकेका गुंडाळीत किती वेढे बसले हे मोजावं लागतं, एक जरी कमी-जास्त झाला तरी मोटर तापते, हे मला ठाऊक होतं. पण एवढी वर्षं तासन् तास गप्पा मारत चाचा हे वेढे मोजतात कसे, हा विचार मी गणिताचा मास्तर असूनही कधी केला नव्हता. तेव्हा ते मोजतच नसत. आतल्या दाराशी पुस्तक घेऊन बसलेली सना मोजायची, आणि पुरे झाले की नुसतं "बस" म्हणायची. मी स्टुलावर बसलो. चाक फिरत राहिलं, आणि चाचा एक शब्द न बोलता मोजत राहिले.