भिमीच्या मुलाची मिशी

पडदा वर जातो, आणि समोर सिद्धगडाच्या पायथ्याची वाडी. वैशाखातली सकाळ. एका बाजूला गिरजाच्या अंगणात हिरव्या डहाळ्यांचा मांडव चढतोय. तिच्या हर्षालीची उद्या हळद. दुसऱ्या बाजूला भिमीची ओटी. खांबाला आरसा टांगून भिमीचा मुलगा सुरज वस्तरा चालवतोय, आधी डोक्यावर, मग मिशीवर. आणि दारात बसलेली भिमी मोहाची सुकी फुलं निवडता निवडता त्या वस्तऱ्याकडे अशी बघतेय, जणू तो तिच्याच गळ्यातल्या काळ्या मण्यांवरून फिरतोय.

भिमी जन्माची संशयी. मुरबाडच्या बाजारात दुकानदाराचा काटा आधी रिकामा बघणार, मग माल टाकू देणार. एसटीतलं तिकीट शेजारच्या माणसाकडून वाचून घेणार. सुईणीनं मुलगा झाला म्हणून सांगितलं, तेव्हा हिनं म्हणे दिवा जवळ आणायला लावला होता. वाडी तिला हसायची. पण लग्न निघालं की नवरीला पहिली हळद भिमीच्याच हातची लागायची. तिनं हळद लावलेली पोर सासरी सुखात नांदते, अशी सगळ्यांची समजूत. तिचा नवरा नवसू भांडून गुजरातकडच्या खडीच्या खाणीवर गेला तो परतलाच नव्हता, पण त्याची अडचण कुणाला वाटली नाही. असेल तिथे आहे ना? कपाळाला कुंकू आहे ना? मग झालं.

चार वर्षांपूर्वी एका सोमवारी सुरज डोकं भादरून, मिशी उतरवून दारात उभा राहिला. नुसतं डोकं माणूस नवसाला भादरतो, देवाला भादरतो. पण डोकं आणि मिशी एकदम? ती जाते बाप गेल्यावर.

"कोन मेला रं?" भिमीनं विचारलं.

"कोन नाय गो आये. पिच्चर हाय. त्यात मी दुसऱ्या ग्रहावरचा सेनापती. तिकडं कोनाला केस नसतात."

"अन् मिशी?"

"ती पन नसते."

"बायकांचाच मुलूख म्हन की मग!"

ती हसली नाही. तेव्हापासून तिच्या मनात किडा शिरला तो शिरलाच.

पिच्चर काढत होता शहापूरचा महेंद्र. नोकरी करून रविवारी सिनेमा करणारा, सरळ माणूस. ताऱ्यांच्या मुलखातल्या एका जुन्या परदेशी मालिकेवर लहानपणापासून त्याचा जीव, आणि तिच्यावर जीव टाकणारी त्याच्यासारखी माणसं पुण्या-नाशकापासून नागपुरापर्यंत पसरलेली. त्यांनी नेटवरून वर्गणी दिली, यानं दिवाळीला सिनेमा द्यायचं कबूल केलं. पगार कुणालाच नाही. मुरबाडच्या स्टँडवर जीप चालवणारा उंच, गालफडं वर आलेला सुरज त्याला दिसला, आणि सेनापती सापडला. उंबरमाळीच्या वरच्या कातळावर पुठ्ठ्याचं, थर्माकोलचं यान उभं राहिलं.

दिवाळी आली नि गेली. यान वाऱ्यानं दरीत नेलं. कॉम्प्युटरवर आकाश रंगवणाऱ्या पोराला नोकरी लागली, तो आकाश अर्धं सोडून गेला. कॅमेरावाल्याचं लग्न झालं. वर्गणीदार आधी लिहायचे, "वाट बघतोय." मग लिहू लागले, "कधी?" मग, "सिनेमा आहे तरी का, की पैसे खाल्ले?" महेंद्र ऑफिसातून आला की एकेकाला उत्तर लिहीत बसायचा. आणि कुठला रविवार पदरात पडेल याचा नेम नाही, म्हणून सुरजचं डोकं कायम तुळतुळीत.

सिनेमा आहे तरी का? लांबची माणसं हे रागानं विचारत होती, भिमी भीतीनं. सिनेमा नसेल, तर पोरानं डोकं कशासाठी भादरलं? नवसूची काही खबर आली, आणि ती यानं पोटात ठेवली? मग हे कुंकू कुणाच्या नावाचं? आणि या हातानं ती कोवळ्या पोरींना हळद कशी लावणार? हल्ली लग्न निघालं की तिला नेमका ताप यायचा.

सुरजनं मोबाइलवर फोटो दाखवून पाहिले. ती म्हणाली, "म्हसा गावच्या जत्रंत मी पन पुठ्ठ्याच्या इमानात बसून फोटू काढलाय. मी गेली का रं इमानातून कुठं?"

तर आज गिरजा मांडवातून तरातरा ओटीवर आली. "भिमे, उद्या ताप-बिप चालायचा नाय. माझी एकच पोरगी हाय."

भिमीनं सूप खाली ठेवलं. "याला सांग, पिच्चर दाव. दिसला तर येते. नाय तर नाय."

"अर्धवट हाय गो, अर्धवट काय बघतेस?" सुरज म्हणाला. जरा जास्तच घाईनं म्हणाला. भिमीनं ते टिपलं.

"तुमचा तो महिंदर आज येनार ना? त्यालाच इचारते."

महेंद्र दुपारी मोटारसायकलवर आला. बिचाऱ्याला वाटलं, वर्गणीदारांसारखी हीसुद्धा भांडणार. "मावशी, खरंच काम चालू आहे हो. पण मागे तारे नाहीत अजून, नुसता हिरवा कपडा दिसेल."

"मला कपडा नाय बघायचा. पोरगा बघायचाय."

दार लोटून घेतलं. लॅपटॉप पाटावर ठेवला. भिमी, गिरजा, मागे महेंद्र. सुरज दाराला टेकून उभा. पडद्यावर खरोखरच हिरवा कपडा होता, आणि त्याच्यापुढे डोक्याला राखाडी रंग फासलेला तिचा मुलगा.

"हाय गो पिच्चर!" गिरजानं टाळी वाजवली. भिमीनं इतक्या वर्षांचा श्वास सोडला. ती हसलीसुद्धा. "रंग कसला फासलाय मेल्यानं! भूत दिसतोय."

ते हसू बघून महेंद्र खुलला. "थांबा, खरी मजा पुढे आहे. सुरजच्या पहिल्या दिवसाचं शूटिंग. म्हातारा सरदार मरतो, तो सीन. याचा तुकडा टाकलाय नेटवर, लोक वेडे झालेत. याच्यासाठीच तर थांबलेत."

"तो नको," म्हणत सुरज पुढे आला. तोवर चित्र सुरू झालं होतं.

म्हातारा सरदार निजलेला. महेंद्रनं लिहिलं होतं की सेनापतीनं सलाम करावा. पडद्यावरच्या सुरजनं सलाम केला नाही. तो मढ्याकडे पाठ करून उभा राहिला, आणि उलटा हात तोंडावर मारत त्यानं बोंब ठोकली. एकदा. पुन्हा. मागे न बघता चालू लागला.

"मी लिहिलंच नव्हतं हे!" महेंद्र कौतुकानं सांगत होता. "मला वाटलं, शिमग्याची बोंब घातलीय यानं. आता वर्गणीदार एकमेकांना असाच सलाम करतात, उलटा हात तोंडावर. फोटो पाठवतात."

शिमग्याला माणूस होळीकडे तोंड करून बोंबलतो. पाठ करून बोंब मारतात ती एकाच ठिकाणी, बापाच्या चितेपाशी, आणि जिवंत बापाचा पोरगा ती सोंगातसुद्धा मारत नाही. हे भिमीला माहीत होतं, गिरजाला माहीत होतं. महेंद्रच्या हातून लॅपटॉप मिटला गेला.

"कवा?" भिमीनं विचारलं.

सुरज खाली बसला. "या शूटिंगच्या आदल्या आठवड्यात. मुकादमाचा फोन आला. जीप घेऊन गेलो, तिकडंच अग्नी दिला. डोकं तिथंच उतरवलं. परत आलो तर स्टँडवर हा भेटला, म्हनाला, तुझ्यासारखाच टकलू पायजे. मला वाटलं, दोन महिन्यांत पिच्चर होईल, केस येतील, तुला काय कळनार नाय. तुझी हळद जाऊ नये गो, आये. पन यांचा पिच्चर काय सपंना."

महेंद्रनं मान खाली घातली. इतके दिवस शिव्या खाल्ल्या होत्या, पण आपल्या उशिराची शिक्षा हा पोरगा भोगतोय, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"जवळ कोन होतं त्याच्या?"

"दोघं होते खानीवरले. एकानं पानी पाजलं."

भिमीनं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. मांडवातून पोरीबाळींचा गलका येत होता. गिरजा उठली, तिनं आधी दाराबाहेर डोकावून पाहिलं, मग भिमीचे दोन्ही हात धरले.

"हे घ्या, आमी काय ऐकलंच नाय. सुरज काय बोलला नाय, या भाऊंनी काय दावलं नाय. चार भिंतींतलं चार भिंतींत. उद्या येऊन हर्षालीला हळद लाव, भिमे."

भिमीनं तिच्या हातातून आपले हात हळूच सोडवून घेतले.

"तू नाय ऐकलंस गो, गिरजे," ती म्हणाली. "मी ऐकलं ना."